नागपुरी म्हणून किनो घेता का राजेहो?

परवा बसस्टँडसमोरच्या एका गाडीवर पाटी दिसली, 'नागपुरी संत्रा, एकदम मीठा'. ढीग मात्र किनोचा. चकचकीत, मेण लावलेला. म्हटलं, "भाऊ, हा तर पंजाबचा माल आहे." तो हसला. "माहीत आहे ना भाऊ. पण चमकते तेच खपते."

आणि हे कुठं? वरुडात! ज्या गावच्या रेल्वे स्टेशनच्या नावातच 'ऑरेंज सिटी' आहे तिथं. गावाबाहेर मृग बहाराचा तोडा चालू असताना.

गाडीवाल्यावर माझा राग नाही, त्यालाही पोट आहे. किनोवरही नाही. 'किंग' आणि 'विलो लीफ' या दोन जातींचा हा संकर कॅलिफोर्नियात झाला, 1935 मध्ये लागवडीसाठी बाहेर आला आणि पुढे अबोहरच्या शेतकऱ्यांनी त्याचं सोनं केलं. संकर म्हणून नाक मुरडायचं तर आपली मोसंबीही मुळात पपनस आणि संत्रा या कुळांच्या संकरातूनच आलेली. किनो किनो म्हणूनच विका ना, मीही घेईन. दुसऱ्याचं नाव कशाला?

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा बातमी मीही हौसेनं केली होती. मानांकन म्हणजे दुसऱ्या भागातलं फळ त्या नावानं विकता येत नाही. पण एखादी गाडी, एखादं दुकान यासाठी कोणी तपासलेलं मी तरी आजवर पाहिलं नाही.

ओळखायला काही अवघड नाही. आपल्या संत्र्याची साल सैल, देठाजवळ थोडी उचललेली, अंगठा लावला की सुटते. किनोची साल फळाला घट्ट धरून असते, अन् बिया थुंकून थुंकून माणूस थकतो. पण आपली पोरंच आता विचारतात, "हा डागवाला कशाला आणला?" त्यांची तरी काय चूक? चांगला माल ट्रकमध्ये भरून बाहेर जातो. गावात उरते चुरी. संत्रा पिकवणाऱ्या गावाला स्वतःचा चांगला संत्रा पाहायलाच मिळत नाही.

इकडे शेतकऱ्याचे हाल विचारू नका. व्यापारी बाग उक्ती घेतो, इसार देतो आणि तोड्याच्या वेळी डाग दाखवून भाव पाडतो. बांगलादेश मोठं गिऱ्हाईक होतं. तिथलं आयात शुल्क 2019 मध्ये किलोमागे 20 रुपये होतं, ते 2023 पर्यंत 88 रुपयांवर गेलं. तिकडचं दार असं अर्धं लागलेलं, अन् घरच्या बाजारात आपल्याच नावावर दुसऱ्याचा माल. मग माणूस बाग तोडेल नाही तर काय करेल? डिंक्यानं वाळलेली झाडं तर तो काढतोच आहे, आता उभी झाडंही काढायला लागला.

मोठं अनुदान, मोठा प्रकल्प यावर नेते बोलतीलच. माझी मागणी बिनखर्चाची आहे. नगर परिषद आणि बाजार समितीनं मिळून प्रत्येक गाडीवर, दुकानावर फळाचं खरं नाव लिहायला लावावं. किनो असेल तर किनो. आणि आपल्या शेतकऱ्यांना आठवडी बाजारात एक ओटा राखून द्यावा, तिथं चुरी नाही, पहिल्या नंबरचा माल ठेवायचा.

दोन्हीकडे अर्ज उद्या सकाळी देतोय. सोबत यायचं असेल त्यांनी अकरा वाजता नगर परिषदेच्या फाटकाशी यावं. आणि तुमच्या गावात अशी पाटी दिसली तर फोटो इथं टाका, फक्त गाडीवाल्याचा चेहरा येऊ देऊ नका.