डाव सुधारू नका, टेबल सोडा

मोबाईलवरच्या पोकर स्पर्धेत पैसे घालवून बसलेल्या तरुणाला या धंद्यातील मंडळी एकच उपदेश करतात : चुकांपासून शीक आणि पुन्हा खेळ. आमच्या वस्त्यांमधील पोरेही हा उपदेश खरा मानून पुन्हा पुन्हा पैसे भरत आली. म्हणून हा उपदेश तपासून पाहणे हे चळवळीचे काम आहे.

पोकर हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पत्ते हलके असताना मोठी बोली लावणे, समोरचा हटणार नाही हे दिसत असताना हूल देणे, हरल्याच्या रागात सगळ्या चिप्स एकदम पुढे सारणे, बाद होताच पुन्हा प्रवेश फी भरणे, घरभाड्याचे पैसे डावाला लावणे या खऱ्या चुका आहेत. अभ्यासाने त्या कमीही होतात. पण त्या कमी झाल्या म्हणून खेळणाऱ्यांची परिस्थिती सुधारते काय?

साधा हिशेब करू. समजा, शंभर जणांनी प्रत्येकी ११० रुपये भरले. जुगाराच्या अड्ड्यावर मालक नाल काढतो, तसे कंपनीने प्रत्येकाचे १० रुपये आधीच काढून घेतले. उरलेले दहा हजार वरच्या पंधरा जणांत वाटले. पंच्याऐंशी जण रिकाम्या हाताने परतले. आता शंभरही जणांनी आपापल्या चुका सुधारल्या असे धरा. तरी बक्षीस दहा हजारच राहील, पंच्याऐंशी जण हरतीलच आणि कंपनीचे हजार रुपये कुठेही जाणार नाहीत. एकाचे शहाणपण दुसऱ्याच्या खिशातूनच वसूल होते. ज्याच्याकडे गमावण्यासारखे थोडेच आहे, तो या टेबलावर सर्वांत आधी संपतो.

मग एवढे लोक का येतात? २००३ साली अमेरिकेत ख्रिस मनीमेकर नावाचा एक हिशेबनीस शंभर डॉलरहून कमी पैशांत ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकून लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. त्याची कथा जगभर सांगितली गेली. त्या स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. बाकी ८३८ जणांची कथा कोणी सांगितली नाही. २००६ साली त्याच स्पर्धेत ८,७७३ लोक उतरले. एकाच्या विजयाची जाहिरात हजारोंच्या पराभवाला अशी आमंत्रण देते.

जुगारात हरल्यावर पुन्हा बसण्याची शिकवण या देशाला नवी नाही. ज्याला 'धर्मराज' म्हणून डोक्यावर घेतले जाते, त्या युधिष्ठिराने राज्य, भाऊ आणि पत्नीसुद्धा पणाला लावली. सर्व काही परत मिळाल्यावरही तो पुन्हा फासे टाकायला बसला आणि वनवासात गेला. प्राचीन आर्य समाजावर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे, की कृत, त्रेता, द्वापर, कली ही मुळात जुगारातील फाशांची नावे होत. ज्या संस्कृतीने काळाला फाशांची नावे दिली, तिच्याकडून जुगार सोडण्याचा धडा कसा मिळणार?

तो धडा तथागतांनी दिला. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला जुगाराचे सहा दोष सांगितले आहेत. जिंकणाऱ्याला वैरी मिळतात. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हातचा पैसा जातो. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र व सोबती त्याला तुच्छ लेखतात. पत्नीला पोसू शकणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही. डाव कसा खेळावा हे बुद्धांनी सांगितले नाही आणि जिंकणाऱ्यालाही दोषातून सोडले नाही.

केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा संसदेत मंजूर होऊन २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब हा वाद बाजूला सारून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्वच ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. शिक्षा खेळणाऱ्याला नसून खेळवणाऱ्याला व जाहिरात करणाऱ्याला आहे, हे योग्यच झाले. पण कायद्याने सवय सुटत नाही. परदेशी साइट्सची वाट कोणीतरी दाखवतोच. अमेरिकेच्या सरकारने १५ एप्रिल २०११ रोजी मोठ्या पोकर साइट्सवर कारवाई केली, तेव्हा फुल टिल्ट या कंपनीकडे खेळाडूंचे जमा पैसे परत द्यायलाही रक्कम नव्हती. तिथल्या खेळाडूंची ही गत, तर आमच्या पोराने दाद कोणाकडे मागायची?

म्हणून बुद्धविहारांत आणि तरुण मंडळांत दारूविषयी जसे उघड बोलले जाते, तसेच या मोबाईलच्या जुगाराविषयी बोलले पाहिजे. कर्जात बुडालेल्या पोराला हिणवू नका. लाजेने तो अधिक मोठा डाव लावतो. त्याच्याजवळ बसा, कर्जाचा हिशेब मांडा, घरच्यांना विश्वासात घ्या. शिष्यवृत्तीचा आणि मजुरीचा पैसा पुस्तकाला, फीला, घराला लागला पाहिजे.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले ते माणूस स्वतःच्या पायावर उभा राहावा म्हणून. पोकरच्या टेबलावर शिकण्यासारखे एकच आहे आणि ते म्हणजे उठणे. ते जितक्या लवकर शिकू, तितके कमी गमावू.

जय भीम!