‘मॅच्युअर’ शब्दाची अरेरावी

एखादा शब्द परभाषेंतून आला एवढ्यावरून त्यास दाराबाहेर काढावें, अशा मताचे आम्ही नाहीं. ‘पोक्त’ हा शब्द फारसींतूनच आला. मूळ अर्थ शिजलेला, पिकलेला. तो आज कोणास परका वाटत नाहीं. ‘मॅच्युअर’शीं आमचें भांडण आहे तें त्याच्या जन्माविषयीं नसून वर्तनाविषयीं आहे.

त्याचे कैवारी म्हणतात, मराठींत त्याला प्रतिशब्दच नाहीं. खरें आहे, एक नाहीं, चार आहेत. शरीराची वाढ झाली कीं मुलगी ‘वयांत आली’. कायद्यानें अठरा वर्षांचा तो ‘सज्ञान’. अनुभवानें ज्याचें मत मुरलें तो ‘पोक्त’. आणि ज्याला समज आहे तो, वय कांहींहि असो, ‘जाणता’. (‘प्रौढ’ मोजला नाहीं, त्या बिचाऱ्याची रवानगी वधूवरांच्या जाहिरातींत झाली आहे.) ज्ञानेश्वरांचें जन्मवर्ष १२७५ धरलें, तर १२९० सालीं नेवाशास गीतेचा अर्थ सांगणारा वक्ता पंधरा वर्षांचा होता. जाणत्यांतला जाणता, पण आजच्या कायद्यानें सज्ञान नव्हे, त्याला शेताचें खरेदीखत करून देतां आलें नसतें. हेंच वाक्य ‘मॅच्युअर’ घालून कोणीं लिहून दाखवावें!

हा केवळ कोशकारांचा वाद असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. ज्या अहिल्यानगर जिल्ह्यांत नेवासें आहे, त्याच जिल्ह्यांतील पाथर्डी-शेवगांवकडून दरवर्षीं कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस निघतात. मागें मुलीला कोणाच्या भरंवशावर ठेवावी, या धास्तीनें कित्येकींचें लग्न उरकण्यांत येतें. कायदा अठरा म्हणतो. बाप म्हणतो, ‘पोर शहाणी झाली.’ संमतिवयाच्या वादांतहि हाच घोळ होता. १८९१ सालीं वयाची मर्यादा दहावरून बारावर नेतांना विरोधकांचा मोठा आधार ऋतुप्राप्तीचाच होता.

त्या बापाला आपण सुशिक्षित लोक नांवें ठेवतों. पण आपल्या दिवाणखान्यांत काय चालतें? धाकट्या भावाच्या फीसाठीं थोरलीनें पुण्यास शिकावयास जाण्याचा हट्ट सोडला कीं पाहुणे उद्गारतात, ‘केवढी मॅच्युअर आहे हो!’ शरीर वाढलें म्हणजे शहाणपण आलें, असें तो समजतो. तोंड मिटलें म्हणजे आलें, असें आपण समजतों. आणि हीच मुलगी विसाव्या वर्षीं स्वतःच्या पसंतीचा वर सांगूं लागली, कीं त्याच पाहुण्यांस ती ‘अजून मॅच्युअर नाहीं’ असें दिसूं लागतें! अठरा वर्षें पूर्ण होतांच कायद्यानें तिला दिलेला निर्णयाचा हक्क हा एक शब्द परत काढून घेतो.

आमच्या परिचयाच्या एका घरीं अशीच स्तुति चालली असतां मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. तुला काय वाटतें, असें आम्हीं तिला विचारलें. तिनें आईकडे पाहिलें आणि म्हणाली, “मला अजून जायचंय.”