जाताना वही देऊन जा

मार्च जवळ आला की कॉलेजात एकच विषय असतो. सेंडऑफ कधी? साडीचा रंग कोणता ठरला, वर्गणी शंभर की दोनशे, सर डीजेला परवानगी देतील का, केक कुठून आणायचा. टीवायवाले ‘चला, सुटलो’ म्हणत कॉलर ताठ करून फिरतात आणि एफवाय-एसवायवाले त्यांच्यासाठी डान्स बसवतात. त्या दिवशी भरपूर फोटो निघतात, रील्स बनतात, भाषणं होतात आणि एखादी मैत्रीण हमसून हमसून रडते. रात्री स्टेटसवर ‘मिस यू सीनियर्स’. आठवड्याभरात सगळं थंड!

त्या रडण्यात खोटं काहीच नसतं. तीन वर्षं एकाच कट्ट्यावर बसल्यावर, एका डब्यात चार हात घातल्यावर वाईट वाटणारच. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण निरोप देतो माणसाला, पण त्या माणसाला जे ठाऊक असतं तेही त्याच्यासोबत गेटबाहेर जातं, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. धाटाव, रोहा, पेणसारख्या ठिकाणी ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

का, ते सांगते. मोठ्या शहरात मुलाच्या घरात किंवा निदान शेजारी कुणीतरी शिकलेलं, नोकरीत रुळलेलं असतं. क्लास असतात, पैसे मोजले तर करिअर काउन्सेलरही मिळतो. आपल्याकडे मिनीडोर नाहीतर एसटी पकडून कॉलेजला येणाऱ्या कितीतरी मुली घरातल्या पहिल्या पदवीधर होणार असतात. आदिवासी वाडीवरून येणाऱ्या मुलाला घरी विचारायला कुणीच नसतं. रोह्याच्या कॉलेजला सी. डी. देशमुखांचं नाव आहे, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांचं. अभिमान आहेच. पण महाडीबीटीचा फॉर्म दर वर्षी नव्याने भरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला गर्दी व्हायच्या आधी काढून ठेवायचा, बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, हे आपल्याला सांगते ती टीवायची ताई. नोटीस बोर्डावरची नोटीस वाचून जेवढं कळत नाही, तेवढं तिच्या दोन मिनिटांच्या बोलण्यातून कळतं.

एक उदाहरण घ्या. 2024-25 पासून आपल्या राज्यात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. ‘फी परवडणार नाही’ म्हणून एमसीए-एमबीएचा विचारच सोडून देणारी मुलगी प्रत्येक वर्गात एखादी तरी असतेच. तो फॉर्म भरून गेलेली सीनियर तिला भेटली, तर तिचा निर्णय बदलू शकतो. पण ती सीनियर एव्हाना निरोप घेऊन गेलेली असते.

धाटावची तर आणखीच गंमत आहे. इथे निरोप दिलेला दादा फार लांब जातच नाही. समोरच एमआयडीसी! सुदर्शन, दीपक नायट्राइट, एक्सेल ही नावं आपण लहानपणापासून ऐकतो. कॉलेज सुटल्यावर काही महिन्यांनी तोच दादा शिफ्ट सुटताना दिसतो, पायात सेफ्टी शूज, गळ्यात आयकार्ड. आपण हात करतो, तो हात करतो, विषय संपला. कंपनीच्या रोलवर लागलास की कंत्राटदाराकडे? मुलाखतीत काय विचारलं? लॅबमध्ये आहेस की प्लांटवर? आपण यातलं काही विचारत नाही, तोही आपणहून सांगत नाही.

अ‍ॅप्रेंटिसशिपचंच बघा. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, तेही मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. ही संधी फक्त आयटीआय आणि इंजिनिअरिंगवाल्यांची आहे असं बीए-बीकॉमवाले धरून चालतात. 2014 च्या दुरुस्तीनंतर ती इतर पदवीधरांसाठीही खुली झाली आहे. दारातच एवढी मोठी औद्योगिक वसाहत असताना ही गोष्ट माहीत नसणं हे नुकसान आपलंच.

काही सीनियर दिवा-रोहा गाडीने पनवेलकडे सरकतात आणि तिकडचेच होतात. काही मुलींचं टीवायच्या निकालाआधीच लग्न ठरतं. काहींच्या हाताला वर्षभर काहीच लागत नाही. ‘सध्या काय करतोस?’ हा प्रश्न नको म्हणून ते आधी ग्रुप म्यूट करतात, मग ग्रुप सोडतात. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. कारण पोलीस भरतीत निवड झालेल्या दादाइतकंच, 1600 मीटरच्या धावण्यात थोडक्यात मार्क गेलेल्या दादालाही बरंच काही ठाऊक असतं. सराव कधी सुरू करायला हवा होता, कुठला कागद ऐन वेळी कमी पडला, कुठल्या क्लासने नुसते पैसे घेतले, हे तोच सांगू शकतो. आपण मात्र टाळ्या फक्त ‘सेटल’ झालेल्यांसाठी ठेवतो.

कुणी म्हणेल, आता सीनियर्सचा उपयोगच काय? मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांमध्ये 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न आला. 2023 ला एफवायला आलेली बॅच जुन्या पॅटर्नची शेवटची. त्यांच्या नोट्स, त्यांच्या प्रश्नपत्रिका आपल्या काय कामाच्या? नोट्सपुरतं हे बरोबर आहे. पण नव्या पॅटर्नमध्ये ओजेटी आणि फिल्ड प्रोजेक्ट आले आहेत. ओजेटीला कुठली कंपनी दारात उभं करते, कुणाला पत्र द्यावं लागतं, किती आधी विचारावं लागतं, याचं उत्तर कुठल्याच गाइडमध्ये छापून येत नाही. शिवाय तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करायचं, हा प्रश्न आपल्या आधी कुणालाच पडला नव्हता. म्हणजे जी बॅच हे पहिल्यांदा ठरवेल, तिचं ऐकणं तर जास्तच गरजेचं.

सीनियर-ज्युनियर नात्याकडे आपल्याकडे बहुतेक वेळा भीतीनेच बघितलं गेलं. महाराष्ट्रात 1999 मध्ये रॅगिंगविरोधी कायदा आला, तो हवाच होता. पण या नात्याची दुसरी बाजू कुणी मांडून ठेवत नाही. अ‍ॅनिमे बघणाऱ्यांना ‘सेनपाई’ हा शब्द सांगायला नको. जपानमध्येही शाळा मार्चमध्येच संपते आणि आवडत्या सीनियरकडून त्याच्या युनिफॉर्मचं वरून दुसरं बटण मागून घ्यायची तिथे जुनी पद्धत आहे. ते बटण काळजाच्या सर्वांत जवळ असतं म्हणे! आपल्याकडे स्लॅमबुक होतं, त्यात आवडता रंग आणि आवडता हिरो लिहून घ्यायचे. आठवण म्हणून दोन्ही छान आहेत. मला मात्र सीनियर्सकडून एक वही हवी आहे.

साधी दोनशे पानी वही. जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात एक पान लिहायचं. कुठला फॉर्म कधी भरला, कोणते कागद लागले, ओजेटी कुठे केली, सुट्टीत पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यात रंगकाम केलं असेल तर तिथे काय शिकायला मिळालं, कुठे फसलो. उपदेश नको, फक्त झालेलं लिहा. ‘माझं अजून कशातच काही नाही, मी काय लिहू?’ असं वाटणाऱ्याने तर नक्की लिहा. वही लायब्ररीत ठेवायची, दर वर्षी तीच पुढच्या बॅचकडे. मुलींचे नंबर त्यात नकोत, ते पुढच्या वर्गातल्या दोघी-तिघींकडेच असू देत.

कॉलेजांनाही यात काम आहे. नॅकसाठी माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवावा लागतो, म्हणून अनेक ठिकाणी संघटना असते, वर्षातून एकदा मेळावाही होतो. त्या व्यासपीठावर बहुधा यशस्वी झालेलेच बसतात. एखाद्या वर्षी दोन वर्षांपूर्वीचे टीवायवाले बोलवा. नोकरीवाले, बिननोकरीवाले, लग्न होऊन गेलेली ताई, सगळे. सत्कार, हार-तुरे काही नकोत, फक्त मुलांना प्रश्न विचारू द्या.

आणि आपण ज्युनियर्सनी काय करायचं? निकाल लागला की फोन करायचा, दिवाळीला परत करायचा. ‘नोकरी लागली का?’ म्हणून नाही, ‘ताई, कशी आहेस?’ म्हणून. ज्याने ग्रुप सोडलाय त्याला सगळ्यात आधी.

सेंडऑफची तारीख एव्हाना ठरली असेलच. वर्गणी गोळा करताना त्यातूनच एक वही आणि दोन पेनं आणून ठेवा. फक्त एक करा, ती केक कापायच्या आधी फिरवा. केक संपल्यावर कुणी थांबत नाही.