डीपीच्या तारेवरची टोपी



या सदराकडे एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या घराच्या मागल्या बाजूला विजेची डीपी आहे. उन्हाळ्यात खात्याची माणसे आली, दिवसभर वीज बंद ठेवली आणि डीपीवरच्या उघड्या तारांना विटकरी रंगाच्या रबरी नळ्या चढवून गेली. नळ्यांच्या टोकांना टोप्याही बसवल्या. तेव्हापासून वस्तीत बोलणे सुरू झाले की तारा झाकल्या, आता भीती नाही. शेजारीण म्हणते, कपडे वाळत घालायची तार त्या खांबापर्यंत नेऊ या. ताई विचारतात, न्यावी काय?

ताई, नेऊ नका, आणि शेजारणीलाही नेऊ देऊ नका. ती टोपी तुमच्या-आमच्यासाठी बसवलेली नाही. ती कावळ्यासाठी आणि खारीसाठी आहे. गोष्ट साधी वाटते, पण हा फरक न कळल्यामुळे माणसे जातात, म्हणून आज त्याबद्दल सविस्तर लिहितो.

डीपी म्हणजे डबल पोल, दोन खांबांचा सांगाडा. सरकारी मराठीत ट्रान्सफॉर्मरला रोहित्र म्हणतात, पण वस्तीत तो शब्द कोणी वापरत नाही. खांबांच्या माथ्यावर मोठी लाइन येते. ती कोठे ११,००० व्होल्टची असते, कोठे २२,००० ची. तिथून तीन तारा स्विच आणि फ्यूजमधून खाली उतरतात आणि तेलाने भरलेल्या टाकीच्या डोक्यावर, चिनी मातीच्या तीन उंच खुंटांना जोडलेल्या असतात. या खुंटांना बुशिंग म्हणतात. त्यांच्यावर छत्रीवर छत्री ठेवल्यासारख्या चकत्या असतात. पावसाचे पाणी सलग ओघळ न धरता तुटून पडावे, आणि विजेला वरून खाली यायचे झाल्यास वाट लांबची व्हावी, यासाठी ती रचना आहे. टाकीच्या दुसऱ्या अंगाने जाड तारा निघतात आणि खालच्या पेटीत जातात. त्या आपल्या घरच्या विजेच्या, म्हणजे ४३३ व्होल्टच्या.

येथे एक गैरसमज आहे. लोकांना जाड तार धोक्याची वाटते आणि बारीक तार किरकोळ. हिशेब मात्र उलटा आहे. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर पूर्ण भार असला तर ११,००० व्होल्टच्या बाजूने जेमतेम सव्वापाच अँपियर वाहतात आणि घरच्या बाजूने १३० च्या वर. म्हणून वरची तार काडीसारखी असली तरी चालते. पण माणसाचा जीव घ्यायला एका अँपियरचा विसावा भागही पुरेसा होतो, आणि तो शरीरात ढकलण्याचे बळ व्होल्टमध्ये असते. त्या काडीसारख्या तारेत ते बळ घरच्या विजेच्या पंचवीसपट आहे. तिला प्रत्यक्ष हात लागायचीही गरज नसते. फार जवळ गेले तरी ठिणगी उडी मारते.

आता टोपीकडे येऊ. ११,००० व्होल्टच्या बाजूला दोन बुशिंगच्या माथ्यांमध्ये साधारण दहा इंचांचे अंतर ठेवतात आणि माथ्यापासून टाकीच्या लोखंडापर्यंत साडेपाच इंचांचे. हवेला हे अंतर पुरते. कावळा एकाच तारेवर बसला तर त्याला काही होत नाही, कारण विजेला त्याच्यातून जायला दुसरे टोक मिळत नाही. पण त्याने पंख पसरला आणि तो शेजारच्या तारेला लागला की वाट पुरी होते. खार टाकीवर उभी राहून शेपूट वर करते. टाकी जमिनीशी जोडलेली, शेपूट तारेला, म्हणजे खार गेलीच. वटवाघूळ, माकड यांचेही तेच. मुका जीव मरतो तो मरतोच, शिवाय मोठा आवाज होऊन फ्यूज उडतो, कधी तार वितळून खाली पडते, कधी ट्रान्सफॉर्मर जळतो. मग चार दिवस अंधार, पाण्याची मोटार बंद, मुलांची परीक्षा मेणबत्तीवर. हे टळावे म्हणून बुशिंगचा माथा आणि त्याला आलेली तार सिलिकॉन रबर किंवा तसल्याच टिकाऊ पदार्थाने झाकतात. ओझरता स्पर्श झाला तर वीज पेटू नये, एवढाच त्याचा हेतू. काम चांगले आहे, सर्वत्र व्हावे. पण माणसाने धरावे असे ते झाकण नव्हे.

असे का, ते ज्यांना पटत नाही त्यांनी घरच्या वायरीवर छापलेली अक्षरे वाचून पाहावीत. बहुतेक ठिकाणी ११०० व्होल्ट असे छापलेले दिसेल. घरात २३० व्होल्ट असतात, म्हणजे वायरीचे आवरण गरजेच्या कितीतरी पट जास्त सोसणारे असते. त्याच्या भरवशावर आपण वायर बिनधास्त हातात धरतो, आणि तीच सवय वर पाहतानाही डोक्यात राहते. डीपीवरच्या नळीला एवढी सवलत नाही. शिवाय रस्त्याखालून ११,००० ची केबल जाते तिची गोष्ट वेगळी. तिच्या आवरणावर तांब्याची पट्टी गुंडाळलेली असते, ती पट्टी जमिनीशी जोडलेली असते, म्हणून केबलच्या बाहेरच्या अंगावर विजेचा ताण येत नाही. डीपीवरच्या नळीत अशी पट्टी नसते. ताण नळीच्या बाहेरच्या अंगावरही येऊन बसतो आणि हात लागला की हातावाटे जमिनीकडे जाऊ पाहतो. नळीला उन्हाने केसाएवढी चीर पडली असेल, वर ओल्या धुळीचा थर असेल, किंवा टोपी आणि नळी यांच्यात बोटभर फट राहिली असेल, तर झाकले काय आणि उघडे काय, सारखेच. खालून कोणाला ती चीर दिसणार?

काही हौशी मंडळी स्वतःच तारा झाकायला निघतात. दुकानातली काळी चिकटपट्टी, सायकलची जुनी ट्यूब, पाण्याचा पाइप असे काहीही गुंडाळायचे आणि वर म्हणायचे की रबर आहे, काय होते! सायकलची ट्यूब हवा धरण्यासाठी बनवलेली असते. काळे रबर काळे असते ते काजळीमुळे, आणि काजळी वीज अडवत नाही. चिकटपट्टीखाली हवेचे फुगे राहतात, त्या फुग्यांत बारीक ठिणग्या उडत राहतात आणि आवरण आतून जळते. चांगल्या नळीतही एक अडचण असतेच. तारेचा सांधा सैल होऊन तापू लागला तर तो नळीखाली दिसत नाही. म्हणून खात्यानेही नळ्या चढवून विसरून जाणे बरोबर नाही, ठरावीक काळाने त्या उघडून सांधे पाहिले पाहिजेत. पहिल्या रिमझिमीत बुशिंगवर चर्र असा आवाज येतो, रात्री निळसर ठिणगी दिसते, ते धूळ साचल्याचे लक्षण. जोरदार पावसात धूळ धुऊन जाते आणि आवाज थांबतो, मग लोकही विसरतात. तो आवाज ऐकला त्याच दिवशी १९१२ वर फोन करून कळवावे.

आणखी एक सांगतो, कारण प्रत्येक वस्तीत एक तरुण असतो ज्याला सगळे वायरमन म्हणतात. मुलगा गुणी असतो, खालच्या पेटीतला फ्यूज बांधायला त्यालाच हाक मारतात. त्याला खात्याने नेमलेले नसते, शिकवलेले नसते, हातमोजे दिलेले नसतात. स्विच खाली ओढला म्हणजे वरची तार मेली, असे तो धरून चालतो. पण स्विचच्या तीन पात्यांपैकी एखादे अडकून राहते. दुसरी गोष्ट तर फार थोड्यांना ठाऊक आहे. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. लाइन बंद असताना कोणी मंडपात किंवा दुकानात जनरेटर लावला आणि तो नीट अलग न करता घरच्या जोडणीवर सोडला, तर तीच वीज खालून ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि वर हजारो व्होल्ट होऊन बाहेर पडते. म्हणून खात्याचे जाणते लाइनमन तार तपासून, तिला जमिनीशी जोडल्याशिवाय हात लावत नाहीत. आपल्या पोराला डीपीवर चढवू नका. त्याची हौस असेल तर आय. टी. आय. मध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनच्या अभ्यासक्रमाला घाला.

मिरवणुकीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १३ एप्रिल २०२३ च्या रात्री, जयंतीच्या आदल्या दिवशी, विरारच्या कारगिल नगरात मिरवणुकीच्या गाडीवरचा लोखंडी दांडा ट्रान्सफॉर्मरला लागला. दोन तरुण गेले, काहीजण भाजले. ऐन सणाच्या रात्री दोन घरांत आकांत झाला. रस्ता ओलांडणारी ११,००० ची लाइन जमिनीपासून किमान ६.१ मीटर, म्हणजे वीस फूट असावी असा नियम आहे. आपले लक्ष त्या लाइनवर असते. पण डीपीवरच्या तारा लाइनहून बऱ्याच खाली उतरलेल्या असतात आणि डीपी रस्त्याच्या कडेला असते. गाडी कडेला घेताना धोका तिथेच. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी आदल्या आठवड्यात दिवसाउजेडी मार्गावरून पायी फिरून प्रत्येक डीपी पाहून ठेवावी, सजावटीची उंची टेप लावून मोजावी, झेंड्याला लोखंडी नळी वापरू नये. गाडीच्या टपावर उभे राहून बांबूने तारा वर उचलणारी पोरे तर खाली उतरवावीतच. ओला बांबू, घामेजला हात, यांवर कसला भरवसा? मार्गात अडचणीची जागा असेल तर वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयाला आधी लेखी पत्र देऊन तेवढा वेळ पुरवठा बंद ठेवण्याची विनंती करावी.

गाडीला तार लागलीच तर आत बसलेल्यांनी आतच थांबावे. गाडी पेटली आणि उतरणे भागच असेल तर गाडी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय जमिनीवर घासत लहान लहान पावलांनी दूर व्हावे. बाहेरच्यांनी धावत जाऊन ओढू नये. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत मदत करणाराच दुसरा बळी ठरतो.

आता हक्काचे. ११,००० व्होल्टच्या तारेपासून घराची भिंत आडवी किमान १.२ मीटर आणि छतावरून तार किमान ३.७ मीटर उंच हवी. तार २२,००० ची असेल तर आडवे अंतर २ मीटर. हे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे आहेत, आणि झाकण बसवले म्हणून अंतर कमी चालते असे समजू नये. पुष्कळ वस्त्यांत घर आधी की डीपी आधी हा वाद निघतो. खोली वाढवताना आपणच सज्जा तारेकडे नेला असेल तर ते आपलेच अहित आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण डीपीला कुंपण नाही, पेटीला दार नाही, मुले तेथे विटीदांडू खेळतात, यात आपला काय दोष?

नुकसानभरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. मध्य प्रदेशात १९९७ च्या पावसाळ्यात एक कामगार रात्री सायकलवरून घरी येत होता. रस्त्यावर पाणी होते, त्यात तुटलेली जिवंत तार पडली होती. तिच्यावरून सायकल गेली आणि तो जागीच गेला. वीज मंडळ म्हणाले, कोणीतरी चोरून आकडा टाकला त्यामुळे हे झाले, आमचा दोष नाही. न्यायालयाने ते मानले नाही. इतकी धोक्याची वस्तू जो चालवतो त्याच्यावर, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी, जबाबदारी येते असे ठरले आणि विधवेला ४ लाख ३४ हजारांची भरपाई कायम राहिली. अपघात झालाच तर पोलीस पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि विद्युत निरीक्षकाची चौकशी ही तिन्ही झाली पाहिजेत. दुःखाच्या भरात आधी अंत्यविधी उरकतात आणि मग कागद मिळत नाहीत.

ताईंनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी आता एक अर्ज करावा. डीपीच्या खांबावर रंगवलेला क्रमांक त्यात लिहावा. भिंतीपासून तारेचे अंतर वर चढून किंवा काठी लावून मोजू नये. भिंतीच्या कडेखाली आणि तारेच्या बरोबर खाली जमिनीवर खूण करावी आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजून लिहावे. मागण्या तीनच: कुंपण व पेटीचे दार, नळ्या-टोप्यांची तपासणी, आणि अंतर कमी भरत असेल तर डीपी हलवणे. एक प्रत उपविभागीय कार्यालयाला, एक जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाला. स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.