चारचौघांत मागायचं ते देशाचं

गेल्या आठवड्यात गावी होतो. दिवेलागणीला चौकात ताटपट्ट्या पडल्या आणि सामुदायिक प्रार्थनेसाठी माणसं रांगेत बसू लागली. समोर मूर्ती नाही; राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या रीतीप्रमाणे नुसतं अधिष्ठान. आधी आलेला पुढे, उशिरा आलेला मागे, सरपंचालाही वेगळी जागा नाही. शेवटच्या रांगेत दोन शेतकरी मांडीला मांडी लावून बसले. धुऱ्याच्या वादावरून त्यांचं तीन वर्षांपासून बोलणं बंद आहे, तहसीलमध्ये तारखा सुरू आहेत. उशीर झालेला, जागा तेवढीच उरलेली, म्हणून शेजारी आले. खंजिरी वाजली आणि दोघांनीही एका सुरात देशासाठी मागणं मागितलं.

त्या संध्याकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाही. घरात देवापुढे एकटा बसलो की मी माझ्यासाठी मागतो, आणि त्यात गैर काही नाही. पण देशासाठी मागतानाही त्यात माझंच हित हळूच शिरतं. शेतकऱ्याला कापसाचा भाव चढावा असं वाटतं, व्यापाऱ्याला तो उतरावा असं वाटतं, मजुराला मजुरी वाढायला हवी असते. तिघंही त्याला देशाचं भलं म्हणतात. हे तिघं एका ताटपट्टीवर बसले की मात्र प्रत्येकाला आपलं मागणं इतरांच्या कानांवर घालावं लागतं. ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्याच्या देखत मोठ्याने मागता येईल तेवढंच उरतं. ते उरलेलं मागणं खरं देशाचं. एकत्र प्रार्थनेचं मोल मला इथे दिसतं.

महाराजांनी भारतासाठी रचलेलं मागणं याच कसोटीला उतरणारं आहे. बंधुभाव नांदावा, जातीचा भेद गळून पडावा, अस्पृश्यता मुळासकट जावी, तरुण कष्टाळू आणि सचोटीचे निघावेत, हे त्यात मागितलं आहे. दुष्टालाही शिक्षा मागितलेली नाही, त्याच्या मनात न्याय यावा एवढंच मागितलं आहे. अशी प्रार्थना कोणाच्याही शेजारी बसून म्हणता येते.

ही कसोटी सोपी नाही, हे गांधीजींनी दाखवलं. तुकडोजी महाराज १९३६ साली सेवाग्रामला त्यांच्या सहवासात राहिले होते. पुढे १९४७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या वाल्मीकी वस्तीत गांधीजींच्या सायंप्रार्थनेत कुराणातल्या आयतींना हरकत घेतली गेली. गांधीजींनी आयती गाळल्या नाहीत आणि हरकत घेणाऱ्याला डावलून प्रार्थना पुढेही नेली नाही, ती थांबवलीच. सगळ्यांची म्हणायची असेल तर ती एकालाही ढकलून म्हणता येत नाही, हा त्यातला अर्थ. १९४८ च्या २० जानेवारीला प्रार्थनासभेजवळ बॉम्ब फुटला तरी ते जागचे हलले नाहीत, आणि ३० जानेवारीला गोळ्या लागल्या त्या प्रार्थनेला जातानाच.

काही वाचक म्हणतील, प्रार्थनेने देशाचं काय होणार? रस्ता होत नाही, पाऊस पडत नाही, हे खरं. पण प्रार्थना म्हणून घरी जाऊन झोपा, असं महाराजांनी कधी सांगितलं नाही. १९४२ च्या लढ्यात त्यांनी तुरुंगवास सोसला. चीनने आक्रमण केलं तेव्हा १९६२ साली आणि पुन्हा १९६५ च्या युद्धात ते जवानांना धीर द्यायला सीमेवर गेले. ‘ग्रामगीते’त त्यांनी सामुदायिक प्रार्थनेला जागा दिली, तशीच ग्रामसफाईलाही दिली. मागणं तोंडाने म्हटलं की त्याचं काम हातांवर येतं, आणि ते चारचौघांत म्हटलेलं असेल तर टाळायला तोंड राहत नाही.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. दरवर्षी त्या तिथीला, आश्विन वद्य पंचमीला, त्यांच्या गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी हजारो माणसं एकाच वेळी स्तब्ध उभी राहतात. ज्यांना मोझरी गाठता येत नाही, त्यांनी आपल्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात इतरांबरोबर बसून देशासाठी काही मागावं, अशी माझी मनापासून विनंती आहे. आणि जमलं तर ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या शेजारी बसून.

आमच्या चौकात प्रार्थना संपल्यावर सकाळी नाली उपसायला कोण येणार, असं विचारलं गेलं. त्या दोघांनीही हात वर केले. सकाळी एक जण फावड्याने टोपलं भरत होता, दुसरा ते उचलून नेत होता. धुरा अजून सुटलेला नाही. पण टोपलं भरलं की ‘उचल’ एवढं म्हणावंच लागत होतं, आणि तीन वर्षांनी ते म्हटलं गेलं.