पाणी येण्यापूर्वीचा करार

पाणलोट क्षेत्रविकासाच्या कामांचे जे अहवाल आमच्या कचेरीत येतात, त्यांत समतल चरांची लांबी, नालाबांधांची संख्या, साठलेल्या पाण्याचे घनमीटर आणि विहिरींच्या वाढलेल्या पातळीचे तक्ते असे सारे काही नेटके मांडलेले असते. नसतो तो एवढाच तपशील, की हे पाणी कोणाच्या विहिरीत उतरले, ते कोणी उपसले, आणि सातबाऱ्यावर ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही अशा श्रमदात्याच्या पदरात त्यातले काय पडले. कार्यकर्त्यांच्या सचोटीविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु अहवालाच्या नमुन्यात ज्या प्रश्नाला रकानाच नाही, तो प्रश्न हळूहळू कामाच्या आखणीतूनही हद्दपार होतो, हा अनुभव नाकारण्यात अर्थ नाही.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करावे हे सूत्र आता सर्वमान्य झाले आहे आणि ते शास्त्रशुद्धही आहे. पण त्याचा सामाजिक अर्थ काय होतो ते पाहिले पाहिजे. माथा म्हणजे बहुधा गायरान, पडीक माळ किंवा वनखात्याची हद्द. तेथे चर खणले जातात, रोपे लावली जातात आणि चराईबंदी लागू होते. म्हणजे ज्यांचा संसार चार शेळ्यांवर चालतो त्यांचे कुरण पहिल्याच वर्षी बंद होते. पायथ्याला काळी जमीन, विहिरी आणि विद्युत्पंप. तेथे मुरलेले पाणी निघते, आणि ज्याची विहीर त्याचे ते होते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून भूमीखालचे पाणी भूमीच्या धन्याच्या पाठीशी उभे राहत आले, आणि राज्याने २००९ साली भूजलासाठी स्वतंत्र अधिनियम केल्यावरही शिवारातील वहिवाट फारशी पालटलेली दिसत नाही. याचा परिणाम असा होतो, की त्याग वरच्यांचा आणि लाभ खालच्यांचा. आणि मग चौथ्या-पाचव्या वर्षी रोपवनात शेळ्या शिरल्या म्हणजे आपण ‘लोकांची मानसिकता’ या शब्दप्रयोगाचा आश्रय घेतो, जो आमच्या मते निदान काही काळ तरी आपल्या परिभाषेतून रजेवर पाठवावा.

या प्रश्नाची जाण आपल्याकडे नव्हती असे मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन कसावयास घेऊन, उतारावर बांध, पायथ्याला पाझर तलाव, त्याखाली विहीर आणि तेथून पुन्हा वर पाणी चढविण्याची व्यवस्था उभी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातील स्थापत्याचे अनुकरण पुष्कळ झाले. त्यांच्या पाणी पंचायतीच्या नियमांचे फार थोडे. पाणी द्यावयाचे ते जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे तर घरातील माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबास कमाल अडीच एकर. ऊस किंवा तत्सम बारमाही पीक घ्यावयाचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो समूहाकडे परत येईल. भूमिहीनालाही वाटा राहील. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उभारावयाचा. वीस एकरांचा धनी आणि दोन एकरांचा धनी यांची कुटुंबे सारखी असतील तर त्यांना सारखेच पाणी, ही गोष्ट कागदावर वाचावयास सोपी आहे. ती ज्या सभेत मान्य होते त्या सभेत काय काय बोलले जात असेल, याची कल्पना गावात राबलेल्या प्रत्येक वाचकास करता येईल.

मग ती मान्य झाली कशी? आमच्या समजुतीप्रमाणे याचे मर्म क्रमात आहे. हे नियम योजना हाती घेण्याच्या अटी म्हणून पुढे ठेवले गेले, योजना पुरी झाल्यावर सुचविलेल्या सुधारणा म्हणून नव्हे. पाणी नसते तेव्हा वीस एकरवालाही कोरडवाहूच असतो, त्याला गमवावयाचे काही नसते, आणि न्याय्य वाटपास त्याची संमती मिळण्याचा संभव त्याच घटकेला सर्वांत अधिक असतो. एकदा विहिरीला पाझर फुटला, कर्ज काढून जलवाहिनी टाकली, उसाचे बेणे रानात पडले, की त्याच माणसाचा हितसंबंध निर्माण होतो. आणि हितसंबंधाशी केलेला युक्तिवाद, तो कितीही सात्त्विक असो, बहुधा व्यर्थ जातो. हरियाणातील सुखोमाजरी येथे सत्तरच्या दशकात टेकडीवरील चराई थांबविण्याच्या मोबदल्यात भूमिहीनांसह प्रत्येक घरास बंधाऱ्याच्या पाण्यात वाटा मिळाला, तेथेही त्याग आणि लाभ एकाच सौद्यात बांधले गेले होते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणातही भूमिहीनांच्या वाट्याचा विचार बांधकामाआधीपासून होता.

जुन्या काळाचा दाखला हवा असेल तर पांझरा आणि मोसम या नद्यांवरील फड पद्धतीचा घ्यावा. तेथे शेतधनी स्वतः बारे फोडीत नसे; सर्वांच्या वतीने नेमलेला पाटकरी प्रत्येकाच्या रानात पाणी फिरवी, एका फडात एकच पीक असे, आणि ज्या वर्षी नदी आटे त्या वर्षी कोणत्या फडाला पाणी द्यावयाचे ते सर्वजण मिळून ठरवीत. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, कारण फडाबाहेरच्यांना तिच्यात स्थान नव्हते. परंतु कमी पाण्याच्या वर्षाचा नियम भरल्या पाण्याच्या वर्षी ठरवून ठेवावा, हे शहाणपण तिच्यात होते, आणि पर्जन्यमान मोजून पिकांची मर्यादा ठरविणाऱ्या हिवरे बाजारच्या जलअंदाजपत्रकात तेच नव्या रूपाने दिसते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पाणी पंचायतीच्या कितीतरी योजना पुढे बंद पडल्या, मग त्यांच्या नियमांचे कौतुक कशाला? सहकारी उपसा सिंचनाच्या असंख्य योजना विजेच्या थकबाकीने, जळालेल्या पंपांनी आणि सभासदांच्या खाजगी विहिरींनी निकालात काढल्या, हे खरे. पण यातून निघतो तो धडा असा, की वाटपाच्या नियमाबरोबर पट्टीवसुलीचा, दुरुस्तीच्या गंगाजळीचा आणि लाभक्षेत्रात नवी विंधन विहीर कोणी व केव्हा घ्यावी याचाही नियम हवा. तो नसेल तर समन्यायी वाटप हा पहिल्या काही हंगामांचा उत्साह ठरतो.

प्रत्यक्षात या नियमांचे दप्तर अवजड असण्याचे कारण नाही. एक जाड वही, तिच्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, घरातील माणसे, वाट्याचे क्षेत्र, पाळीचा वार आणि भरलेली पट्टी एवढे रकाने. भूमिहीनाने आपला वाटा दुसऱ्याच्या रानात वाट्याने वापरला तर शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद. आणि ही वही संस्थेच्या तालुक्याच्या कपाटात न ठेवता गावात, पट्टी गोळा करणाऱ्याच्या घरी. जनगणनेनंतर वाटे बदलावयाचे की लग्न-मृत्यूबरोबर, विभक्त झालेले भाऊ एक घर मानावयाचे की दोन, आणि विधवेचा वाटा कोणाच्या नावे लिहावयाचा, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण भांडणे नेमकी याच ओळींवरून होतात, आणि वही आधी लिहिलेली नसेल तर ती चावडीवरून मामलेदाराकडे आणि तेथून कोर्टात जातात.

निधी देणाऱ्यांनी, मग ते सरकार असो वा एखादी उद्योगसंस्था, मार्चअखेर खर्च दाखविण्याचा तगादा लावला म्हणजे वाटपाच्या करारासाठी लागणारे सहा-आठ महिने सर्वप्रथम कापले जातात. कार्यकर्त्यांनी येथे ताठर राहावे असे आम्हांस वाटते. करारावर ग्रामसभेच्या सह्या होईपर्यंत यंत्र शिवारात उतरू देऊ नये, प्रसंगी निधी परत जाऊ द्यावा. ज्या गावांत असा करार झाला आहे, तेथील कार्यकर्त्यांनी त्याची नक्कल, विशेषतः जी कलमे पुढे मोडली गेली त्यांच्या खुलाशासह, आमच्याकडे पाठवावी. गावाची इच्छा असल्यास नाव वगळून, पुढील अंकापासून अशा नकला या मासिकात क्रमशः छापण्याची आम्ही तजवीज केली आहे.