सड्यावरून बंदराकडे

कोकणात गाडीने जायचे तर सप्टेंबर बरा. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपलेली असते आणि जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळमाळांवर, रानफुले आलेली असतात.

आम्ही गंगापूरहून दापोली, हर्णै करत दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत चढलो. पलीकडे धोपावे, गुहागर. तवसाळहून पुन्हा फेरीबोट, मग जयगडचा सडा. अम्मीचे गुडघे दुखतात, त्यामुळे रमतगमतच. सत्तरीत तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ बोललीच नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात दालदी मुस्लिम मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. तिथे बांगडे घेताना विकणाऱ्या खालांनी विचारले, "तुमच्याकडे पाऊस झाला काय?"

"कपाशी वाट बघतेय," अम्मी म्हणाली.

खालांनी दोन बांगडे जास्तीचे टाकले.